बावीस वह्या घेऊन पालीला

राजगडाला जाणारी माणसं पाठीवर पाण्याच्या बाटल्या, चिवड्याची पाकिटं आणि गुडघ्याला पट्टा घेऊन जातात. मी गेल्या डिसेंबरात राजगडाच्या पायथ्याला गेले ती बावीस वह्या घेऊन. गड चढायचा नव्हताच. पायथ्याच्या पाली गावात, भात कापून मोकळ्या झालेल्या एका खाचरात ‘वळचण’ वाजवणार होते, आणि मी ते बहुतेक शेवटचं ऐकायला चालले होते.

‘वळचण’ हा बँड. पाच जण आहेत. गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम आणि पाचवा संबळवाला. असला कार्यक्रम ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगते. हे लोक काय वाजवायचं ते ठरवून येत नाहीत. यांच्या पस्तीस-चाळीस चाली आहेत, त्यातली एखादी कुणीतरी सुरू करतो, बाकीचे मागून येतात आणि मग ती चाल जिकडे जाईल तिकडे सगळे जातात. कधी सहा मिनिटांत संपते, कधी पन्नास मिनिटं चालते. कधी एका चालीतून न थांबता दुसरीत शिरतात. आज ऐकलेलं उद्या मिळत नाही, म्हणून आमच्यासारखे वेडे पुन्हा पुन्हा जातात. याला जॅम म्हणतात. सोलापुरात माझ्या शेजारणी याला ‘ते तुझं न संपणारं गाणं’ म्हणतात.

बावीस वर्षांपूर्वी विजूने मला पुण्यात पहिल्यांदा ओढून नेलं. विजू म्हणजे माझी वसतिगृहातली मैत्रीण. तेव्हापासून आम्ही दोघी यांच्यामागे हिंडतो. आमचा एक रिवाज आहे. कार्यक्रमात दोघींनी लांब लांब बसायचं आणि आपापल्या वहीत लिहायचं, कोणती चाल कुठे सुरू झाली, किती वेळ चालली. न थांबता दुसरीत शिरले तर मध्ये बाण काढायचा. कार्यक्रम संपला की डबे उघडायचे आणि वह्या ताडून बघायच्या. जिच्या चुका जास्त तिने डबे घासायचे. हा बाण नेमका कुठे काढायचा यावरून आम्ही अख्ख्या परतीच्या वाटा भांडलो आहोत. दर वर्षाची एक वही, अशा बावीस वह्या. आणि खरं सांगते, मी डबे फार कमी वेळा घासले आहेत. तीस वर्षं टेलिफोनच्या खात्यात कानाला हेडफोन लावून काढली. नुसत्या ‘हॅलो’वरून मी माणूस ओळखत असे. माझ्या कानाचा मला माज होता.

तो माज दीड वर्षापूर्वी उतरला. एक साधा ताप आला, गेला, आणि जाताना डावा कान घेऊन गेला. उजवाही निम्मा गेला. डॉक्टरांनी उजव्या कानात मशीन बसवलं. बोलणं पुन्हा ऐकू यायला लागलं, फोन घेता यायला लागला, घरच्यांनी पेढे वाटले. मग एका दुपारी मी ‘वळचण’चं जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि दोन मिनिटांत बंद केलं. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा ड्रम, आणि गिटारवाल्या सदाचा लांब सूर तर भिजलेल्या कॅसेटसारखा डुगडुगत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. विजूला यातलं काही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? एक म्हणजे, कान गेलेल्या माणसाशी लोक कसे बोलतात ते मला माहीत होतं. मोठ्याने, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं. विजूने तसं बोललेलं मला सोसलं नसतं. दुसरं म्हणजे, तिने मला बोलवायचंच थांबवलं तर? तेव्हा मी सांगितलं की गुडघा धरलाय. दीड वर्षात सहा कार्यक्रम मी गुडघ्यावर टाळले. विजूने दोनदा निर्गुडीच्या तेलाची बाटली पाठवली. पालीच्या वेळी मात्र तिने फोनवर सांगितलं, “खुर्ची टाकून देते, पाटावर बसवते, पण तू येणार आहेस.” मी विचार केला, एकदा जाऊ. प्रत्यक्ष ऐकून बघू. नाहीच ऐकू आलं तर सगळ्या वह्या विजूच्या हवाली करू आणि हा विषय मिटवून टाकू. म्हणून त्या वह्या पिशवीत भरल्या.

शिवरे

पुण्यातून विजूच्या गाडीने निघालो. गाडीत ती उजवीकडे आणि मी डावीकडे, म्हणजे माझा चालता कान आपोआप तिच्या बाजूला. केस कानावर ओढलेले. हायवेने शिवऱ्यापर्यंत माझं ढोंग उत्तम चाललं होतं.

शिवऱ्याला रस्त्याकाठी चहाला थांबलो. सोलापुरातून आलेल्या माणसाला इथे पहिली गोष्ट जाणवते ती हिरवा रंग. आमच्याकडे डिसेंबरात माळ पिवळा पडतो. इथे भाताचं पीक निघून गेलं तरी बांध हिरवे आणि डोंगर अजून ओले असल्यासारखे. मी ते बघत गाडीतून उतरले आणि टेबलापर्यंत लंगडत गेले. विजू माझ्याकडे बघत राहिली.

“सकाळी उजवा गुडघा होता ना?”

“हो.”

“आता डाव्या पायाने लंगडतेयस.”

मी म्हटलं, उजव्यावर भार नको म्हणून डावाही दुखायला लागलाय. स्वतःचं कौतुक वाटलं. पण त्यानंतर दोन्ही पायांनी लंगडणं भाग पडलं, आणि दोन्ही पायांनी लंगडणारी बाई बदकासारखी दिसते. चहावाल्या बाईने आपण होऊन मला स्टूल आणून दिलं. “बसा वो मावशी. लई तरास दिसतोय,” ती म्हणाली. गरम कांदाभजी तिने मलाच आधी वाढली. खोटेपणाचं फळ इतकं खुसखुशीत असू नये.

वरवे बुद्रुक

मुक्काम वरवे बुद्रुकला, विजूची मावसबहीण शालनताई हिच्या घरी. घर शेतातच आहे. पुढे गोठा, मागे वाल आणि घेवड्याचे वेल. लांबवर कुठल्याशा कारखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसतं, आणि शालनताईंचा मुलगा तिथेच कामाला जातो. शालनताई साठीच्या, बारीक अंगाच्या, एका जागी न बसणाऱ्या. माझी पिशवी त्यांनी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

“ह्यात काय दगड हायेत का वो?”

“वह्या आहेत,” मी म्हटलं. विजूला वाटलं चेष्टा केली.

जेवायला तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी. आमच्या सोलापुरात भाकरी म्हणजे कडक. महिनाभर टिकते, हातात घेतली की मोडते. इथली भाकरी घडी घातली तर घडी, सोडली तर पुन्हा सपाट. मी पिशवीतून शेंगाची चटणी काढली तेव्हा शालनताईंनी ती चिमटीत घेऊन वासाने तपासली आणि मग आमटी बाजूला सारून नुसत्या चटणीशी अर्धी भाकरी खाल्ली. इंद्रायणीचा भात आला तेव्हा माझं पोट भरलेलं होतं, पण त्याच्या वासाने पुन्हा जागा झाली.

जेवता जेवता विजूने त्यांना बँडबद्दल सांगायला घेतलं. शालनताईंनी नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे काय वाजवायचं त्ये ठरवून येतच न्हाईत?”

“नाही.”

“आन तुमी सोलापुरावनं आलाव?”

“हो.”

“मंग त्यांनी न्हाईच वाजवलं तर?”

विजू हसली. मी हसले नाही, कारण मला दुसरीच भीती होती. ते वाजवतील आणि माझ्यापर्यंत काही पोचणार नाही.

त्याच संध्याकाळी कानातल्या मशीनने टुंग, टुंग असं केलं. सेल संपत आल्याची ती खूण. मी न्हाणीघरात जाऊन पर्स उपडी केली. बावीस वह्या आणल्या होत्या, तेविसावी कोरी आणली होती, चार पेन्सिली, टोकयंत्र, खोडरबर. सेलचं पाकीट सोलापुरात, देवघराच्या फडताळात राहिलं होतं. दुसऱ्याच्या न्हाणीघरात उभं राहून मी स्वतःला जितक्या शिव्या दिल्या तितक्या आयुष्यात कुणाला दिल्या नसतील.

भोर

सकाळी मी विजूला म्हटलं, “भोरला जाऊन येऊ. नीरा बघू.” ‘नीरा’ ही ‘वळचण’ची आमची सगळ्यात आवडती चाल आहे, त्यामुळे विजूला हे इतकं पटलं की तिलाच वाईट वाटलं, बावीस वर्षांत आपल्याला हे कसं सुचलं नाही. कापूरहोळावरून वळून भोरला गेलो. पुलावरून नदी बघितली. पाणी संथ होतं, काठावर बायका गोधड्या धूत होत्या. विजू डोळे मिटून चाल गुणगुणायला लागली. मशीन तोवर बंद पडलं होतं. माझ्या लेखी तिचे फक्त ओठ हलत होते. मी मान डोलावली आणि मला स्वतःची लाज वाटली.

तिला मंडईत भाजी घ्यायला लावून मी घड्याळवाल्याचं दुकान शोधलं. दुकान म्हणजे जिन्याखालची फळी. डोळ्याला भिंग लावून एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मी मूठ उघडून त्यांच्यापुढे सेल धरला. त्यांनी सेल बघितला, मग माझ्या केसांकडे बघितलं आणि बाहेर येऊन माझ्या उजव्या बाजूला उभे राहिले. हे त्यांनी इतक्या सहज केलं की मला तिथेच रडू यायला लागलं.

“कानाच्या मशीनचा हाय ह्यो. माज्या आईला व्हतं मशीन,” ते कानाजवळ म्हणाले. “त्यो सेल माज्याकडं न्हाई. पुण्याला मिळंल.”

“आज दुपारी पाहिजे हो.”

त्यांनी डबीतून एक घड्याळाचा सेल काढून मापाला लावून बघितला. तंतोतंत बसला. मशीन टुंग करून सुरू झालं आणि मंडईचा गलका एकदम कानात शिरला.

“बसतोय. पन दमाचा न्हाई, काकू. घड्याळाला थोडं थोडं लागतं, मशीनला लई लागतं. तासभर चालंल. दोन घेऊन जावा.”

दोन घेतले. विजू फरसबीची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, “घड्याळवाल्याकडे काय करत होतीस?” मी म्हटलं, घड्याळ बंद पडलं होतं. तेवढं बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी घड्याळ घातलेलंच नव्हतं. विजूच्याही ते लक्षात आलं असणार. गाडीत बसताच मी सेल वाचवायला मशीन बंद केलं, ते पालीत ढोल सुरू होईपर्यंत.

पाली

नसरापुरावरून आत वळलं की मार्गासनीपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे तो डोंगराच्या मर्जीने जातो. राजगड समोर दिसायला लागला की दिसतच राहतो, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पालीत गडावरून उतरलेली पोरंपोरी घरांच्या ओसऱ्यांवर पिठलं-भाकरी खात बसली होती. त्यांचे गुडघे खरोखर दुखत होते.

खाचरात ताडपत्र्या अंथरल्या होत्या. भाताचे खुंट त्यांतून टोचत होते, त्यामुळे सगळे जण मिनिटामिनिटाला बूड हलवत होते. दोन ट्रॉल्या शेजारी लावून वर फळ्या टाकून मंच केला होता. गावाची अट होती की तीनला सुरू करायचं आणि दिवस मावळायला बंद, कारण मग गुरं घरी येतात. दीड-दोनशे माणसं असतील. पुण्याची निम्मी, निम्मी गावची. गावच्या बायका बांधावर रांगेने बसल्या होत्या आणि पुण्याच्या मुलींचे कपडे बघत होत्या.

आधी डोंगरावरच्या धनगरवाड्याचे गजी ढोल वाजणार होते. गावात काहीही वाजायचं असलं तर सुरुवात त्यांची, हा तिथला मान. पांढरे कपडे, हातात रंगीत रुमाल, दहा-बारा गडी गोलात नाचायला लागले आणि मध्ये ढोल. मोठा ढोल एका म्हाताऱ्याच्या गळ्यात होता. त्यांना सगळे धोंडीबाबा म्हणत होते. सत्तरीच्या पुढचे, उंच, वाकलेले. चाल बदलली की नाचणाऱ्यांचं पाऊल बदलायचं, आणि पाऊल जिथे बदलायचं तिथेच, एका टिपरीचाही फरक न पडता, बाबांचा ढोल वळायचा. मी वाजवणारे पुष्कळ ऐकले आहेत. हे फार पक्कं काम होतं. माझ्या मशीनमधून ते पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखं येत होतं, तरी कळत होतं.

ते संपलं. विजू रिवाजाप्रमाणे लांब, पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. मी बांधाला टेकून बसले आणि योगायोगाने धोंडीबाबा ढोल घेऊन माझ्या उजव्या बाजूलाच येऊन टेकले. त्यांच्या गड्यांपैकी एक जण त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, “चहा घ्यायचा का?” बाबांनी त्याच्या ओठांकडे बघून मान हलवली. तेव्हा मला कळलं की हा माणूस बहिरा आहे.

मी सरकून समोर आले आणि मोठ्याने विचारलं, “बाबा, ऐकू येत नाही तर चाल बदलली हे कळतं कसं?”

“कान व्हय? त्ये कवाच गेलं. ढोलानंच खाल्लं,” ते म्हणाले. त्यात दुःख वगैरे नव्हतं. “खांदा बगायचा, बाई. गडी चाल बदलायच्या आदी दम घेतो. त्यो खांद्यात दिसतो. कान मागनं येतोय.”

मंचावर ‘वळचण’ उभे राहिले. सदाचे केस पांढरे झालेले दिसले. दीड वर्ष फार असतं. त्याने गिटारच्या तारेवरून हात फिरवला आणि पहिली चाल सुरू झाली.

कुठली चाल, ते मला कळेना. आवाज होता, भरपूर होता, पण एकात एक मिसळलेला, गढूळ. सूर लांबला की डुगडुगायचा आणि मग मशीन त्याला दाबून टाकायचं. वहीत काहीतरी लिहायचं म्हणून मी ‘चिखल’ लिहिलं. ते चालीचं नाव आहे, पण मला जे ऐकू येत होतं त्यालाही शोभलं असतं. दुसरी चाल अंदाजाने लिहिली. तिसरीही. पुण्याची पोरं डोलत होती. पलीकडे विजू डोळे मिटून बसली होती, मीही अशीच डोळे मिटून बसायची, त्याचाही मला माज होता. मला वाटलं, संपलं. पिशवी शेजारीच होती. मी तिच्यावर हात ठेवून बसले आणि विजूला काय सांगायचं ती वाक्यं मनात जुळवायला लागले.

तासाभराने सेल गेला. दुसरा घातला, तो तर पंधरा मिनिटांत गेला. घड्याळवाले सांगत होते ते खरं होतं. मी रागाने मशीन कानातून उपटलं आणि मुठीत आवळून धरलं.

आणि ताडपत्रीखालून काहीतरी वर आलं. बेस. आधी मांडीत, मग कण्यात. मी तशीच बसून राहिले. मग ड्रमचा मोठा नगारा, मग संबळ. आणि मग हळूच, लांबून, पण सरळ, न डुगडुगता, सदाचा सूर आला. तोच. बावीस वर्षं ओळखीचा. बारीक होता, वरचं टोक झिजलेलं होतं, पण त्याचाच होता.

परतल्यावर मी मशीन देणाऱ्याला याबद्दल विचारलं. तो म्हणाला, “आजी, हे बोलणं ऐकण्यासाठी लावलेलं असतं. लांब सुराला ते शिट्टी समजतं आणि कापून टाकतं. गाण्यासाठी वेगळं लावून देतो ना, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.” सांगितलंही असेल. पहिल्या दिवशी मी काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. घरी मी मशीन काढून कधी गाणं लावलं नव्हतं, कारण बहिऱ्या माणसाने मशीन काढून काय ऐकायचं? आणि एवढ्या मोठ्याने लावलं असतं तर शेजारणी धावून आल्या असत्या. भोरच्या जिन्याखालचा सेल दमाचा असता तर मी वह्या देऊन घरी गेले असते.

माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते धोंडीबाबांनी बघितलं. त्यांनी मुठीतलं मशीनही बघितलं. काही न विचारता त्यांनी ढोल माझ्याकडे सरकवला.

“हात ठिवा हितं.”

मशीन पर्समध्ये टाकलं आणि चामड्यावर तळवा ठेवला. मंचावरच्या बेसने ढोल आपोआप थरथरत होता. जे कानातून निसटत होतं ते तळव्याला लागत होतं. मी डोळे पुसले आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी ‘वळचण’ ऐकताना डोळे उघडे ठेवून बसले.

काय काय दिसलं म्हणून सांगू! सदा सूर लांबवायच्या आधी डावी टाच उचलतो. कीबोर्डवाली चुकली की हसते. आणि चाल वळायच्या आधी ड्रमवाल्याचा खांदा एवढासा वर जातो, सदा दम घेतो, आणि मगच वळण येतं. ‘नीरा’ चालू होती. ती संथ पसरलेली असताना ड्रमवाल्याचा खांदा वर गेला. बाबांनी मला कोपराने खुणावलं. मी बाण काढला, त्यानंतर चाल वळली, आणि तळव्याला ‘उतार’चा ठेका लागला तसं ते नाव पुढे लिहिलं. अगदी थोडा वेळ. पुन्हा खांदा, पुन्हा बाण, पुन्हा ‘नीरा’. ऊन गडाच्या माचीवर तेवढं उरलं होतं, गुरांच्या घंटा बांधापलीकडून येत असणार, कारण सगळे तिकडे बघायला लागले. सदाने शेवटचा सूर सोडून दिला. धोंडीबाबा उठले, ढोल गळ्यात अडकवला.

“बरं वाजवत्यात,” ते म्हणाले. “पन लई लांबवत्यात.”

गाडीची डिकी उघडून विजूने डबे काढले. मी तिला उजवीकडे घेऊन उभी राहिले. शालनताईंनी घेवड्याची भाजी आणि भाकरी बांधून दिली होती. वह्या उघडल्या. विजूने माझी पहिली ओळ वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“‘चिखल’? अगं, ‘लाल डबा’ होतं ते! आणि हे दुसरं? हे तिसरं? तुला बरं नाही का?”

मी पर्समधून मशीन काढून तिच्यापुढे धरलं. मग सगळं सांगितलं. ताप, कान, रेकॉर्डिंग, गुडघा, घड्याळवाला आणि वह्या कशासाठी आणल्या तेही. विजूने हातातला घास डब्यात परत ठेवला.

“दीड वर्ष,” ती म्हणाली. “दीड वर्ष मी एकटी जाऊन बसत होते. पलीकडच्या टोकाला तुझ्यासाठी पिशवी ठेवून जागा धरायचे, सवयीने. वही ताडायला कुणी नाही म्हणून आपलीच वही दोनदा वाचायचे. आणि तुझ्या गुडघ्याला तेल पाठवत होते, बये!”

“तेल चांगलं होतं. पाठीला लावलं.”

तिला हसू आलं आणि ती चिडली होती म्हणून तिने ते दाबलं, आणि मग ते फुटलंच. आम्ही दोघी डिकीला धरून हसत होतो. नंतर थोडं रडलोही. मग तिने डोळे पुसून वही पुढे ओढली, कारण ताडणं अर्धवट राहिलं होतं. मशीन काढल्यापासूनच्या सगळ्या ओळी जुळल्या. एक सोडून. तिच्या वहीत ‘नीरा’ एकटीच होती. माझ्या वहीत दोन बाण होते.

“‘उतार’ कुठे वाजवलं त्यांनी? स्वप्नात?”

सदा जवळच वायरी गुंडाळत होता. विजूने त्यालाच गाठलं. तो आम्हाला चेहऱ्याने ओळखतो, वह्यावाल्या म्हणून. “दोनच आवर्तनं घेतली,” तो ओशाळून हसला. “कुणाच्या लक्षात आलं नसेल असं वाटलं.”

हिशेब सरळ होता. माझ्या तीन चुका, तिची एक. डबे मी घासायचे. गावच्या नळावर बसले. पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली, आणि राखेने घासताना घेवड्याचा तेलकटपणा काही निघेना. आयुष्यात इतक्या आनंदाने मी भांडी घासली नसतील. मागून विजू येऊन उभी राहिली. काहीतरी बोलली असावी. ती डाव्या बाजूला होती.

मी उत्तर दिलं नाही तशी ती माझ्या मागून वळसा घालून उजवीकडे आली, आणि उकिडवी बसली. आवाज न चढवता, नेहमीच्याच वेगाने म्हणाली, “त्या वह्या परत सोलापूरला न्यायच्या. माझं घर दोन खोल्यांचं आहे, ठेवायला जागा नाही.”

मला ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, “काय?”

आणि विजूने ते पुन्हा सांगितलं, तेवढ्याच आवाजात.